उसाच्या हंगामाआधी गाडीत डॅशकॅम असा बसवा

दिवाळी झाली की आमच्या लातूरच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं वाढतात. एक जण म्हणतो, "पोलिसांची स्पीड गन लांबूनच ओळखणारं ते रडार डिटेक्टर लावून द्या." दुसरा म्हणतो, "रात्रीचं नांदेडला जाणं-येणं आहे, कॅमेरा लावा." हा कॅमेरा म्हणजे डॅशकॅम, पुढच्या काचेला चिकटून समोरच्या रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, दोन्ही लावता येतात. पण डिटेक्टर मागणाऱ्याला मी आधी खुर्ची देतो, चहा सांगतो आणि पैसे कुठं घालायचे ते नीट समजावतो.

रडार डिटेक्टर म्हणजे रेडिओ लहरी ऐकणारा रिसीव्हर. जिथं पोलीस रडार गन वापरतात, तिथं गनच्या लहरी पुढच्या गाड्यांवर आपटून दूरवर पसरतात, म्हणून डिटेक्टरला आधीच चाहूल लागते. आपल्याकडं महामार्ग पोलिसांच्या वेग तपासणाऱ्या इंटरसेप्टर गाडीत बहुतेक वेळा लेझर गन असते. तिचा न दिसणारा इन्फ्रारेड झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो आणि सेकंदाच्या आत वेग मोजून मोकळा होतो. डिटेक्टर वाजेपर्यंत तुमचा आकडा पडद्यावर आलेला असतो. उलट २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोठ्या दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि काही गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही असतात, त्यामुळं शहरातून जाताना हे यंत्र उगाच ओरडत राहतं आणि चार दिवसांनी माणूस त्याचा आवाजच बंद करून टाकतो. पोलिसांची गनच निकामी करणाऱ्या जॅमरचं तर नावच काढू नका, तो बेकायदेशीर आहे. चलानाची काळजी असेल तर वेगाची आठवण करून देणारी सोय गाडीतच आहे: १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ८० च्या पुढं अधूनमधून आणि १२० च्या पुढं सतत बीप वाजतो. जीपीएस असलेल्या बऱ्याच डॅशकॅममध्ये आपल्याला हवा तो वेग टाकून अलार्मही लावता येतो. म्हणून सांगतो, ते पैसे कॅमेऱ्याला घाला.

आणि कॅमेरा हंगामाआधी का, तर आपल्या मांजरा नदीच्या पट्ट्यात कारखान्यांचे बॉयलर पेटले की रस्ता बदलतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या ट्रकच्या लाइटनं डोळे दिपले की ती ट्रॉली अंगावर येईपर्यंत दिसत नाही. तिन्हीसांजेला रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतात. अपघात झालाच तर पहिल्या पाच मिनिटांत गर्दी जमते आणि "चारचाकीवाल्याचीच चूक" असा निकाल लागून मोकळा होतो. तिथं तुमच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नसतं. कॅमेरा अपघात टाळत नाही, तेवढं डोक्यात ठेवा. तो खरं काय झालं ते सांगतो.

घेताना पहिला प्रश्न एकच विचारा: आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ पुरेल एवढाच करंट साठवणारा भाग? मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर असतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळची उष्णता ६० च्या वर जाते. लिथियम बॅटरीचा कॅमेरा अशात फुगतो, त्याचं झाकण उकलतं. मी उघडून पाहिलेत, आतला सेल पापडासारखा वर आलेला असतो. कपॅसिटरवाला बंद गाडीत फार वेळ चालत नाही, त्याचं काम फक्त करंट गेल्यावर शेवटची फाइल जपून ठेवायचं. आपल्याला तेवढंच हवंय. बाकी फुल एचडी किमान, जीपीएस असला तर उत्तम. स्क्रीन नसलेला, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा मला जास्त आवडतो, कारण चालवताना नजर त्यावर जात नाही.

कार्डात कंजुषी करू नका. मोबाइलमधलं जुनं मेमरी कार्ड काढून घालणारे पुष्कळ येतात. डॅशकॅम दिवसभर लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. साधं कार्ड या माऱ्यात गुपचूप मरतं, कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो आणि आत काहीच नसतं. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच कार्ड घ्या. फुल एचडीला ताशी साधारण ६ ते ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत नऊएक तास मावतात. मागचाही कॅमेरा असेल तर १२८ घ्या.

आता जागा. आतल्या आरशाच्या मागं, डाव्या बाजूला सरकवून, म्हणजे चालकाला दिसायचा नाही आणि वायपरच्या फिरण्याच्या आत राहील. वायपर जिथं पोचत नाही तिथं लावला तर पावसात आणि धुळीच्या दिवसांत व्हिडिओत नुसता चिखल दिसतो. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटवू नका, तिथं टेप धरत नाही. काच आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, साबणानं नको. हे काम सकाळी सावलीत करा. तापलेल्या काचेवर लावलेला टेप दोन दिवसांत सुटतो. चिकटवण्याआधी मोबाइलवर चित्र बघून क्षितिज बरोबर मध्यावर आणा. बहुतेक जण कॅमेरा वर ठेवतात, मग निम्मं चित्र आभाळाचं येतं, उजेडाचा हिशेब चुकतो आणि रस्ता काळा पडतो. खाली बॉनेटची नुसती कड दिसली पाहिजे.

वायर नेताना एका गोष्टीवर मी अडून बसतो. काचेच्या बाजूच्या खांबात हल्लीच्या गाड्यांना कर्टन एअरबॅग असते. वायर तिच्या मागून, कंपनीच्या जुन्या वायरिंगला केबल टायनं बांधून न्यायची. एअरबॅगच्या पुढून किंवा तिला वेढा घालून कधीच नाही, उघडताना ती वायर तोंडावर येईल. खांबाच्या प्लास्टिकवर एअरबॅगचं नाव असेल आणि तुम्हाला ते उघडायचा सराव नसेल, तर तेवढं काम कुणा जाणकाराकडून करून घ्या. छताच्या कडेला मात्र काही उघडावं लागत नाही, वायर बोटानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं आत सरकते. स्क्रूड्रायव्हर वापराल तर कापड फाटेल.

करंट घ्यायचे दोन मार्ग. सोपा म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये कॅमेऱ्याबरोबरचा चार्जर. तोही चालतो, फक्त चावी काढल्यावर सॉकेट बंद होतो का ते बघा, काही गाड्यांत चालूच राहतो. स्वस्तातला चार्जर मात्र रेडिओत खरखर आणतो.

दुसरा मार्ग फ्यूज बॉक्समधून. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीचं हार्डवायर किट घ्या, ते १२ व्होल्टचे ५ करून देतं. त्याला तीन वायरी असतात: पिवळी कायम करंटला, लाल चावीवर चालणाऱ्या करंटला, काळी बॉडी अर्थला. रंग किटच्या कागदावर पडताळून घ्या. बऱ्याच गाड्यांत फ्यूज बॉक्स स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळ असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात त्याचा नकाशा मिळतो. लालसाठी लायटरचा फ्यूज निवडा. पिवळीसाठी आतल्या दिव्याचा चालतो, मात्र चावी काढल्यावर त्यात करंट राहतो का ते बघा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा ईसीयू, स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

या वायरी फ्यूज टॅपनं जोडायच्या. तो मूळ फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यात मूळ फ्यूजबरोबर नव्या वायरीचा फ्यूजही बसतो. टॅप गाडीच्या फ्यूजच्या मापाचा घ्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो असे आकार येतात, दिसायला जवळपास सारखे. चुकीचा टॅप दाबून बसवला की बॉक्समधली पट्टी रुंदावते, मग मूळ फ्यूजही ढिला होतो आणि लायटर कधी चालतो, कधी नाही. गाडी बंद करून फ्यूज काढा. मोकळ्या खाचेच्या दोन पट्ट्यांवर टेस्ट लॅम्प लावून, चावी फिरवून, करंट कुठल्या पट्टीवर येतो ते बघा. टॅपचा ज्या पायाशी दोन्ही फ्यूज जोडलेले असतात, तो पाय या करंटाच्या पट्टीवर आला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून कुणाला कळत नाही. पण मग कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो आणि त्याच्यावर नको तो भार पडतो. मूळ फ्यूज टॅपच्या खालच्या घरात परत घाला, वरच्या घरात किटबरोबर आलेला २-३ अँपिअरचा. काळी वायर रंग नसलेल्या धातूच्या बोल्टखाली घट्ट करा. रंगावर आवळलेली अर्थ हे मला दिसणाऱ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यांमागचं नेहमीचं कारण.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद उभी असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर किटवरचं लो-व्होल्टेज बटण बघा. बॅटरी त्यावर लावलेल्या आकड्याखाली गेली की कॅमेरा बंद होतो. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ च्या आसपास असते. १२.० वर ती जवळजवळ रिकामी झालेली असते, थंडीत सकाळी गाडी उठणार नाही. म्हणून १२.२ नको, १२.४ ठेवा. गाडी आठवडाभर वाड्यात नुसती उभी राहणार असेल तर पार्किंग मोड बंदच करा.

सेटिंगमध्ये सगळ्यात आधी तारीख आणि वेळ. औशाकडच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. ढाब्यासमोर उभा होता, पुढचा टेम्पो रिव्हर्स येऊन आदळला आणि ड्रायव्हर उलट म्हणाला की यानं मागून ठोकलं. व्हिडिओत टेम्पोचे पांढरे रिव्हर्स दिवे पेटलेले, गाडी जागची न हललेली, सगळं स्वच्छ. पण कोपऱ्यात तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, कॅमेरा खोक्यातून काढल्यापासून कुणी लावलीच नव्हती. विम्याच्या सर्व्हेअरनं तिथंच बोट ठेवलं. शेवटी ढाब्याच्या सीसीटीव्हीशी जुळवून दाखवावं लागलं. जीपीएसचा कॅमेरा वेळ आपोआप घेतो, तरी टाइम झोन +५:३० आहे का ते एकदा बघाच.

मग जी-सेन्सर. धक्का बसला की हा चालू फाइलला कुलूप लावतो, ती पुसली जात नाही. आपल्या आडरस्त्यांवर हा 'हाय' ठेवला तर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, गावाहून परतेपर्यंत कार्ड कुलूपबंद फाइलींनी भरतं आणि नवं रेकॉर्डिंग थांबतं. 'लो' ठेवा. फाइल १ किंवा ३ मिनिटांची, डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्हीकडचं नीट दिसावं म्हणून असलेली सोय) चालू, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. रात्री पुढच्या गाडीचा नंबर पांढरा फटफटीत येत असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा. तरीही अंधारात धावत्या गाडीचा नंबर दरवेळी वाचता येईल अशी आशा धरू नका. म्हणून शंका आली की नंबर तोंडानं मोठ्यानं म्हणा, माइकमध्ये राहतो. भाड्यानं गाडी चालवत असाल तर माइक चालू आहे हे बसणाऱ्यांना सांगा, नाहीतर बंद ठेवा. लोकांच्या घरातलं बोलणं आपल्या कार्डात साठवायचा आपल्याला हक्क नाही.

महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि त्याच दिवशी एखादी नवी फाइल उघडून बघा. काचेची आतली बाजूही पुसा, एसीच्या गाडीत तिथं तेलकट थर साचतो आणि समोरच्या लाइटाची फुलं फुटलेली दिसतात.

आणि प्रसंग आलाच तर. आधी माणसं. जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२. मग कॅमेऱ्याचं लॉक बटण दाबा आणि कॅमेरा बंद करून कार्ड काढून खिशात ठेवा. कॅमेरा चालू राहिला तर लूपमध्ये आधीच्या फाइली पुसल्या जाऊ शकतात. गर्दीत कुणाला व्हिडिओ दाखवत बसू नका, कार्ड कुणाच्या हाती देऊ नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल दाबून लहान होते, तिला मूळ मानू नका. घरी लॅपटॉपवर नुसती कॉपी घ्या, नाव बदलायचं नाही, काटछाट करायची नाही, आणि मूळ कार्ड पाकिटात बंद करून त्यावर तारीख टाका. त्या कार्डावर पुन्हा रेकॉर्डिंग नको. अपघाताचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, त्यात कुणाचं तरी लेकरू असतं.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३. कॉपी कोर्टात द्यायची तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी हेच ६५ ब होतं. त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणारा तिचा खास क्रमांक, लागते, ती वकील काढून घेतील. पण त्यातच यंत्राची कंपनी, मॉडेल, रंग आणि सिरीयल नंबरही भरायचा असतो. कॅमेरा एकदा काचेला चिकटला की त्याच्या पाठीवरचं लेबल वाचता येत नाही, म्हणून चिकटवण्याआधीच लेबलचा आणि बिलाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.