वाटीचं माप ग्रॅममध्ये कसं आणावं

‘चार वाट्या बेसन, सव्वा वाटी तूप, तीन वाट्या पिठीसाखर.’ लाडवांची कृती बहुतेक घरांत अशीच लिहिलेली असते. वाटी केवढी, हे मात्र कुठेच नसतं. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण चुकत नाही. पण अर्धा किलोच्या बेसनाच्या पुड्याला तूप किती, हे काढायचं झालं की ग्रॅम लागतातच.

त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

1. आधी वाटीचं माप काढा. काटा सपाट ओट्यावर ठेवा, त्यावर कोरडी वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. एक मिली पाण्याचं वजन एक ग्रॅम, म्हणून काटा 150 दाखवत असेल तर वाटी 150 मिलीची. कृतीत ‘कप’ असेल तर अमेरिकी कप साधारण 240 मिलीचा आणि ऑस्ट्रेलियातला 250 मिलीचा धरा.

2. वाटी पुसून कोरडी करा आणि तिने एकेक जिन्नस मोजा. खरी गफलत इथेच होते, आणि ती पिठांत सर्वांत जास्त. चाळलेलं बेसन हलक्या हाताने भरलं तर वाटीत कमी मावतं. तीच वाटी डब्यात खुपसून, आपटून भरली तर कितीतरी जास्त. शीग ठेवली की आणखी वाढ. म्हणून तुम्ही रोज जशी वाटी भरता तशीच भरा, सुरीच्या पाठीने शीग काढा, तीनदा तोला आणि सरासरी घ्या. साखर, तांदूळ यांना एकदा तोललं तरी चालतं, ते फारसे दाबले जात नाहीत.

तूप पातळ करूनच मोजा. रवाळ तूप चमच्याने भरलं की मध्ये पोकळ्या राहतात.

3. काटा हाताशी नसेल तर वाटीचे मिली पुढच्या आकड्याने गुणा: तेल किंवा पातळ तूप 0.91, दूध 1.03, मध 1.4, साखर 0.85, रवा 0.7, मैदा, बेसन आणि पिठीसाखर 0.5. पहिले तीन भरवशाचे आहेत. बाकीचे अंदाजाचे, दळण आणि भरण्याच्या पद्धतीनुसार ते हलतात. किसलेल्या गुळाला आणि ओल्या खोबऱ्याला तर असा आकडा लावूच नये, ते थेट तोलावेत.

आता 150 मिलीच्या वाटीने वरचे लाडू मांडू. बेसन 4 × 75 म्हणजे 300 ग्रॅम, तूप सव्वा वाटी म्हणजे सुमारे 170, पिठीसाखर 225. पुडा 500 ग्रॅमचा असेल तर 500 भागिले 300, म्हणजे सगळं 1.67 पट: तूप 285 ग्रॅमच्या आसपास, साखर 375. वेलदोड्याची पूड चवीने.

हळद, मीठ, खायचा सोडा यांचं चमचाभर वजन साध्या काट्यावर नीट कळत नाही. दहा सपाट चमचे एकत्र तोला आणि दहाने भागा.

आलेला आकडा कृतीच्या कडेला पेन्सिलीने लिहा, पूर्ण तपशिलासह: ‘बेसन, जाडसर, सपाट वाटी, 75 ग्रॅम’. दळण बदललं की पिठाची वाटी पुन्हा तोलावी लागते.