‘हेल्प’चं ‘असिस्ट’ करण्यापूर्वी: या चुका टाळा

गोव्यात मांद्रेला माझ्या भाच्याने घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या आहेत. इंग्रजी मेसेज पाठवण्याआधी तो मला दाखवतो. परवाचा असा होता: ‘काइंडली इंटिमेट युवर अरायव्हल. वी शॅल असिस्ट यू टू पर्चेस फिश.’

“अरे, मासळी घ्यायला नेणार आहेस की टेंडर काढणार आहेस?”

“साधं लिहिलं तर अडाणी वाटेल ना, मामा!”

सगळी गोची इथेच आहे. हेल्प, बाय, आस्क, बिगिन हे इंग्रजांचे घरचे जुने शब्द. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कचेरीत फ्रेंच शिरली. लॅटिन तर आधीपासून होतीच. असिस्ट, पर्चेस, इन्क्वायर, कमेन्स हे त्या वाटेने आले आणि त्यांचा कचेरीचा वास अजून गेलेला नाही. आपल्याकडेही चवथीला मुंबईचे काका ‘येतात’, ‘आगमन’ गणपतीचं होतं. काकांचं आगमन झालं म्हटलं तर घरात हशा पिकेल.

शिवाय शब्द बदलला की वाक्याची बांधणीही बदलते, आणि नेमकं हेच आपण विसरतो. ‘हेल्प यू बाय’ चालतं; ‘असिस्ट’ घेतलंत तर ‘असिस्ट यू इन बाइंग’ म्हणावं लागेल. ‘गिव्ह मी अ टॉवेल’, पण ‘प्रोव्हाइड मी विथ अ टॉवेल’. ‘लेट मी गो’, पण ‘अलाउ मी टू गो’. ‘आस्क’पुढे ‘फॉर’ लागतं म्हणून ‘वी रिक्वेस्ट फॉर अ रूम’ लिहू नका. क्रियापद असताना नुसतं ‘रिक्वेस्ट अ रूम’.

काही शब्दांचा तर अर्थच निसटतो. ‘इंटिमेट’ आपल्या सरकारी पत्रात ‘कळवा’ म्हणून खपतं, ब्रिटिश पाहुण्याला ते आडून सुचवणं वाटतं. ‘रिव्हर्ट’ म्हणजे त्याच्या लेखी पूर्वस्थितीला जाणं. त्याला ‘रिप्लाय’ म्हणा. आमचे एक शेजारी 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. फुटबॉलची मॅच ‘असिस्ट’ केली असं ते सांगायचे. खेळलेले नसायचे, पोर्तुगीजमधलं ‘असिस्तिर’ म्हणजे हजर राहून पाहणं!

मराठीतलं ‘मागणं’ सगळ्यात दगा देतं. आस्क फॉर, रिक्वेस्ट, डिमांड, तिन्ही त्यात मावतात. तरुणपणी एका कार्यालयाला मी ‘आय डिमांड अ ड्युप्लिकेट रिसीट’ असं लिहून दिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी आधी कागद वाचला, मग चष्म्यावरून मला. ‘डिमांड’ म्हणजे हक्काने, ठणकावून मागणं. ‘विचारणं’चंही तसंच. ‘आय आस्क्ड द मॅनेजर’ म्हणजे विचारलं, ‘आय क्वेश्चन्ड द मॅनेजर’ म्हणजे त्याची उलटतपासणी घेतली.

जड क्रियापद म्हणजे अदब, हाही गैरसमजच. अदब ‘प्लीज’मध्ये, ‘कुड यू’मध्ये असते. ‘कुड यू प्लीज टेल अस व्हेन यू विल गेट हिअर?’ यात ‘टेल’ अगदी साधा आहे, तरी वाक्य ‘काइंडली इंटिमेट’पेक्षा मऊ लागतं. भाच्याने शेवटी हेच पाठवलं.

उलटी चूकही होतेच. साहेबाला ‘आय वॉन्ट लीव्ह फॉर चतुर्थी’ लिहिणं म्हणजे हट्ट. तिथे ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह’ शोभतं. मित्राला मात्र ‘आय नीड अ फ्यू डेज ऑफ’ पुरे.

आणि पाहुण्याने गीझर बंद असल्याचं कळवलं तर ‘वी विल इन्व्हेस्टिगेट’ लिहू नका, गीझर चोरीला गेला की काय असं त्याला वाटेल. ‘आय विल लुक इन्टू इट’ म्हणा. लगेच जिना चढणार असाल तर ‘आय विल चेक नाऊ’.