मोकळे ससे आणि माणसांनी भरलेले घर : तयारीची यादी

सशांना घरात मोकळे सोडण्यापूर्वी कोणत्या खोल्या त्यांना खुल्या आणि कोणत्या बंद, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, आणि ठरवताना घरातल्या सर्वांत विसराळू माणसाला प्रमाण मानावे. एकट्याच्या घरात सवयीने भागून जाते. जिथे दिवसभर पाचसहा माणसांची ये-जा असते, तिथे मात्र ‘मी चार्जर आठवणीने उचलून ठेवीन’ अशा आश्वासनावर सशाचा जीव टांगून ठेवणे योग्य नाही. कोणी विसरले तरी टिकते तीच व्यवस्था पक्की समजावी. स्वयंपाकघर, औषधे ठेवण्याची खोली आणि बारीक खेळण्यांचा पसारा असणारी खोली पहिल्यापासून बंदच ठेवलेली बरी.

सर्वाधिक वेळ वायरींना द्यावा. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. शिवाय बिळाच्या वाटेत आडवी येणारी मुळे छाटून टाकणारा हा प्राणी असल्याने तोंडासमोर आलेली वायर तो सहज एका चाव्यात तोडतो. भिंतीलगतच्या वायरी कडक प्लास्टिकच्या केसिंग-पट्टीत बंद कराव्यात. वायरीभोवती गुंडाळायची मऊ वेटोळी दातांना थोडा वेळ अडवतात, थांबवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. टीव्ही आणि राउटर यांच्यामागची गुंतागुंत फळी किंवा धातूची जाळी लावून पूर्ण झाकावी. मोबाइल चार्ज करण्यासाठी सगळ्यांची मिळून एकच उंच जागा ठरवावी, आणि ती सोफ्याजवळ नसावी, कारण बहुतेक ससे सोफ्यावर सहज उडी मारतात आणि जिथे ससा चढतो तिथली वायर जमिनीवरच पडली आहे असे धरून चालावे लागते.

यानंतर गुडघ्यांवर बसून, हातात टॉर्च घेऊन प्रत्येक खोली सशाच्या उंचीवरून पाहावी. फ्रिजमागची फट, कपाटाखालची पोकळी, पलंगाच्या खणामागची जागा अशी ठिकाणे उभ्याने दिसत नाहीत. सशाचे डोके जिथून शिरते तिथून बहुधा सगळे अंगही शिरते, तेव्हा अशा फटी फळ्यांनी बुजवाव्यात. कापडाचे बोळे कोंबू नयेत, कारण ते चघळले जातात. सोफ्याच्या तळाचे पातळ कापड फाडून आत जाऊन बसणे सशांना फार आवडते, म्हणून तळाला पातळ फळी ठोकून घ्यावी. मागे रेलणारी यांत्रिक खुर्ची आणि उलगडून पलंग होणारा सोफा यांबाबत माझे मत कठोर आहे: बसणाऱ्याने आधी वाकून पाहावे असा नियम महिनाभरही पाळला जात नाही, म्हणून ते फर्निचर बंद खोलीतच हलवावे.

सशाच्या पावलांना कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, केवळ दाट केस असतात, आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकून तो घसरतो. त्याची हाडे हलकी आणि नाजूक असतात, त्यामुळे त्याच्या नेहमीच्या वाटांवर न सरकणाऱ्या सतरंज्या किंवा चटया अंथराव्यात. त्यांचे धागे सुटलेले नसावेत, कारण सशाला उलटी करता येत नाही आणि गिळलेला धागा किंवा प्लास्टिकचा तुकडा आतड्यात अडकू शकतो.

दारांवर धातूचे अडसर-फाटक लावावे, सुमारे ९० सेंटीमीटर उंच आणि डोके शिरणार नाही इतक्या कमी अंतराच्या गजांचे. प्रवेशद्वाराशी असे एक फाटक असले, म्हणजे पाहुणा दारात बोलत उभा राहिला तरी ससा बाहेर निसटत नाही. वाऱ्याने आपटणाऱ्या दारांना अडकण हवेच. ससे पहाटे आणि संध्याकाळी अधिक चपळ असतात, म्हणजे नेमके घरात सर्वाधिक वर्दळ असते तेव्हा; वृद्ध माणसांच्या पायात ते येऊन माणूसच पडण्याचा धोका असल्याने त्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. सशाच्या गळ्यात घुंगराचा पट्टा बांधू नये, तो कुठेतरी अडकून फास बसतो.

कुंड्यांपैकी लिली, डिफेनबेकिया, मनी प्लांट आणि कण्हेर घरातून हलवाव्यात. उंचावर ठेवल्या तरी पाने खाली गळतातच. उंदरांचे विष आणि डांबराच्या गोळ्या मोकळ्या भागात अजिबात नकोत. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर गोचीड-पिसवांच्या औषधाबद्दल विशेष सावध राहावे: फिप्रोनिल असलेले थेंब कुत्र्याला चालतात, सशाला घातक ठरतात. माणसांच्या हातून सांडलेल्या औषधाच्या गोळ्यांचेही तसेच. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) पोटात गेल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरून तो दगावू शकतो.

सशांना स्वतःचा एक कोपरा द्यावा, दोन तोंडे असलेली लपण्याची पेटी, मुबलक वाळलेले गवत आणि शेजारी मलमूत्राचा ट्रे. ट्रेमध्ये कागदी गोळ्या घालाव्यात. ओली होऊन घट्ट होणारी मांजरांची वाळू किंवा देवदाराचा भुसा वापरू नये. पेटीत शिरलेल्या सशाला कोणीही ओढून काढायचे नाही आणि मुलांनी त्याला उचलायचे नाही, जमिनीवर बसून तो जवळ येण्याची वाट पाहायची, हे दोन नियम पाहुण्यांनाही सांगावेत. कान धरून उचलणे तर कोणत्याही वयात अमान्य. नसबंदी झाली नसेल तर ती आधी उरकावी. त्यामुळे लघवीने जागोजागी खुणा करणे आणि उकरणे बरेच कमी होते.

सुरुवात एका खोलीपासून करावी आणि तिथे काही दिवस काहीही कुरतडले गेले नाही तरच पुढची खोली उघडावी. शेवटी, सर्वांच्या नजरेत येईल अशा जागी एक फलक टांगावा. माणसे अनेक असली, की प्रत्येकजण फळाची एकेक फोड देतो आणि सशाच्या पोटात नको तितकी साखर जाते. उलट, त्याने सकाळपासून काहीच खाल्ले नाही हे कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण दुसऱ्याने पाहिले असेल असे प्रत्येकाला वाटते. म्हणून कोणी काय घातले, ते खाल्ले का आणि ट्रेमध्ये लेंड्या दिसल्या का, हे त्यावर वेळेसह लिहावे. १० ते १२ तास खाणे किंवा लेंड्या बंद असल्यास ते तातडीचे दुखणे समजावे, आणि सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा क्रमांक त्याच फलकाच्या वरच्या कडेला ठळक लिहिलेला असावा.