इंग्लंडमधल्या चेटकिणींवर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या खर्ड्यात नायिकेला जाळलं होतं. गावाबाहेरचं माळरान, लाकडांचा ढीग, मधोमध खांब, भोवती पिसाळलेला जमाव. साल 1612, जागा लँकेशर. तो प्रसंग लिहिताना मला रडू आलं होतं, आणि तो मुळातूनच चुकला होता. इंग्लंडमध्ये चेटूक हा फौजदारी गुन्हा होता आणि त्याची सजा फाशी होती. जाळायचे ते स्कॉटलंडात किंवा जर्मन मुलखात. 1645 मध्ये इप्सविचला मेरी लेकलंड नावाच्या बाईला जाळलं खरं, पण ते तिने चेटकाने नवऱ्याला मारलं असं ठरलं म्हणून. नवऱ्याचा खून म्हणजे घरच्या धन्याशी केलेला द्रोह, आणि बाईला त्याची शिक्षा आगीची.

ही चूक बहुतेक सगळ्यांच्या हातून होते. मला वाटलं, चितेच्या जागी दोर लिहिला की काम झालं. पण तो प्रसंग काढल्यावर जमावही गेला, कारण जमावाला करण्यासारखं काही उरलंच नाही. त्याच्या जागी आली चार ओळखीची माणसं: शेजारीण, तिचा नवरा, दूध नासलं म्हणून चिडलेली एक बाई, बापाच्या सांगण्यावरून साक्षीला आलेला मुलगा. त्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर एकेक जबाब दिला, बारा जणांच्या ज्युरीने तो ऐकला आणि बाई फासावर गेली. हा विषय लिहायचा तर ही माणसं लिहावी लागतात. पुढच्या बहुतेक चुका त्यांना टाळल्यामुळे होतात.

साल नक्की न करता लिहायला बसणं

“ट्यूडर काळ” एवढ्यावर भागत नाही. चेटकाविरुद्ध पहिला कायदा आठव्या हेन्रीच्या काळात, 1542 मध्ये झाला आणि 1547 मध्ये रद्द झाला. दुसरा एलिझाबेथच्या काळात, 1563 मध्ये. तिसरा जेम्सच्या काळात, 1604 मध्ये. तो 1736 मध्ये गेला. तुमची कथा 1555 मध्ये घडत असेल तर चेटकासाठी फाशी देणारा कायदाच तेव्हा अस्तित्वात नव्हता. अशा तक्रारी चर्चच्या न्यायालयात जायच्या आणि तिथे प्रायश्चित्तावर भागायचं.

1563 आणि 1604 यांतला फरक तर कथेच्या मुळाशी जातो. एलिझाबेथच्या कायद्यात चेटकाने माणूस मेला तर फाशी होती. माणूस नुसता लुळा पडला तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षाची कैद आणि चार वेळा बाजारात खोड्यात उभं राहणं. जेम्सच्या कायद्याने लुळं करण्यालाही फाशी लावली. लँकेशरमधल्या पेंडलच्या ॲलिझन डिव्हाइस या मुलीवर 1612 मध्ये हाच आरोप होता, एका माणसाला लुळं केल्याचा. दहा वर्षं आधी हेच घडलं असतं तर ती वर्षभराने तुरुंगातून बाहेर येऊ शकली असती.

भांडण वगळून थेट आरोपावर येणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक कादंबऱ्या इथे पडतात. लेखक नायिकेला जंगलाच्या कडेच्या झोपडीत ठेवतो, गावाला ती वेगळी वाटते आणि एके दिवशी गाव तिच्यावर उठतं. असं का उठतं, ते कोणी सांगत नाही. प्रत्यक्षातल्या जबाबांत कारण जवळपास प्रत्येक वेळी असतं, आणि ते हातात मावेल एवढं असतं. ताक मागितलं, दिलं नाही. मजुरी ठरली, दिली नाही. नकार मिळालेली बाई पुटपुटत निघून गेली, आणि काही दिवसांनी नकार देणाऱ्याच्या घरात कुणी आजारी पडलं.

ॲलिझनचंच घ्या. मार्च 1612. पेंडल टेकडीच्या परिसरातल्या रस्त्यावर तिला जॉन लॉ नावाचा फेरीवाला भेटला. त्याच्या गाठोड्यात टाचण्या होत्या. टाचणी तेव्हा आजच्यासारखी कचऱ्यात जाणारी वस्तू नव्हती. धातूची, हाताने घडवलेली, आणि बायकांचे कपडे अंगावर टिकायचे ते तिच्यावरच. ॲलिझन आपल्या जबाबात म्हणते की ती टाचण्या विकत घेणार होती, पण त्याने गाठोडं सोडायला साफ नकार दिला. जॉन लॉ म्हणतो की तिने टाचण्या मागितल्या आणि त्याने दिल्या नाहीत. थोड्या वेळाने तो रस्त्यातच कोसळला. तोंड वाकडं झालं, बोलणं कळेना, पाय लुळे पडले. आपण त्याला अर्धांगवायू म्हणू. त्याला उचलून जवळच्या दारूच्या गुत्त्यात नेलं. तिथे तो पडून असताना ॲलिझन त्याला बघायला आली, पुढे तिने त्याची क्षमा मागितली आणि त्याने क्षमा केलीही.

ती घेणार होती की मागत होती? पैसे असलेली गिऱ्हाईक आणि हात पसरणारी भिकारीण यांतलं अंतर त्या दोन जबाबांत पडलेलं आहे. तिची आजी, म्हातारी डेमडाइक, आंधळी झालेली, ऐंशीच्या आसपासची, आणि पोटासाठी घरच्यांना दारोदार फिरावं लागायचं. मोठ्या मुलीला गिऱ्हाईक म्हणून वागवलं जावंसं वाटणं साहजिक आहे. हे मी अंदाजाने म्हणतेय, पण कादंबरीकाराचा अंदाज इथून सुरू व्हायला हवा, झोपडीवरच्या घुबडापासून नव्हे.

तुमच्या खर्ड्यात आरोप हवेतून आल्यासारखा वाटत असेल तर मागे जा आणि नकाराचा प्रसंग लिहा. वस्तू कोणती, ती कोणी मागितली, दार कोणी बंद केलं आणि त्यानंतर दार बंद करणाऱ्याला झोप लागली का. गरीब शेजारणीला विन्मुख पाठवल्याची टोचणी त्या माणसाला होतीच. आपल्यावर काही ओढवलं तेव्हा त्याला आधी ती बाई आठवली, ती या टोचणीमुळे.

नायिकेला आजच्या बाईचं डोकं देणं

“चेटूक असं काही नसतं!” असं न्यायालयात ठणकावणारी नायिका मीही लिहिली होती. ॲलिझनने नेमकं उलट केलं. आपण बोललो आणि तो पडला, हे तिला स्वतःला खरं वाटत होतं. लँकेस्टरच्या किल्ल्यातल्या न्यायालयात लुळा जॉन लॉ समोर आला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून रडली. आरोप खोटा आहे हे माहीत असलेली बाई लिहिणं सोपं आहे. आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाने खरंच कुणाचं वाटोळं झालं असं मानणारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी लिहायची तर लेखकाला तिच्या जगात उतरावं लागतं.

याचा अर्थ सगळेच अंधविश्वासात बुडालेले होते असा मुळीच नाही. रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या केंटच्या जमीनदाराने 1584 मध्येच जाडजूड ग्रंथ लिहून चेटकाच्या आरोपांची चिरफाड केली होती. शंका घेणारं पात्र हवं असेल तर ते जरूर आणा, फक्त त्याची शंका त्या काळातून येऊ द्या: ही शक्ती देवाची, ती एका म्हातारीला कशी मिळेल?

काळं मांजर आणि केरसुणी

चेम्सफर्डला 1566 मध्ये ॲग्नेस वॉटरहाउस फासावर गेली. तिच्या मांजराचं नाव सेथन, म्हणजे सैतानच. ते मांजर काळं नव्हतं, पांढरं ठिपक्याठिपक्यांचं होतं. एलिझाबेथ फ्रान्सिस नावाच्या बाईला ते तिच्या आजीकडून मिळालं होतं. तिने ते वर्षानुवर्षं पाव आणि दूध घालून पाळलं आणि मग ॲग्नेसला देऊन टाकलं. ॲग्नेसने त्याला मडक्यात लोकर घालून ठेवलं, पण पुढे लोकरीची गरज पडली म्हणून मांजराचा बेडूक करून टाकला. सैतानाला अंथरायला दिलेली लोकरसुद्धा परत घ्यावी लागते एवढी गरिबी त्या एका वाक्यात आहे. असा तपशील हाताशी असताना केरसुणीवर बसून उडणारी बाई कशाला हवी? इंग्लिश खटल्यांत तसं उडणं क्वचितच येतं.

त्याच ॲग्नेसला विचारलं, प्रार्थना करतेस का? करते म्हणाली, पण लॅटिनमध्ये, कारण सैतान इंग्रजीतून करू देत नाही. तिचं वय साठीच्या पुढचं. लहानपणी चर्चमध्ये सगळं लॅटिनच होतं. मग राजे बदलले, धर्म बदलला आणि म्हातारपणी देवाची भाषाही बदलली. धर्मसुधारणेवर पानभर माहिती देण्याऐवजी हे एक उत्तर पात्राच्या तोंडी घाला.

प्रत्येक आरोपीला सुईण किंवा वैदू करणं

“ज्ञानी बाईला पुरुषांनी संपवलं” ही मांडणी लोकप्रिय आहे आणि तिच्यात तथ्यही आहे, पण ती सरसकट लावली की खोटी होते. आरोपींत बहुसंख्य बायका होत्या हे खरं. पण साक्षीदारांतही बायका भरपूर होत्या, आणि आरोपीच्या अंगावर सैतानाला दूध पाजण्याची खूण शोधायला बायकाच नेमत, त्यांत सुइणीही असत. पेंडलच्या खटल्याच्या वर्षी, 1612 मध्ये, लँकेस्टरला फाशी दिलेल्या दहांपैकी दोघे पुरुष होते.

उपचार करणारी बाई हवी असेल तर सेंट ओसिथ गावची अर्सुला केम्प बघा. 1582. तिने ग्रेस थर्लोचा लुळेपणा बरा केला, त्याचे 12 पेन्स ठरले होते. ग्रेसने ते दिले नाहीत, आणि लुळेपणा परत आला. याआधी ग्रेसने आपलं बाळ सांभाळायला अर्सुलाला ठेवलं नव्हतं, आणि ते बाळ पाळण्यातून पडून दगावलं होतं. अर्सुलाविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत तिचा स्वतःचा आठ वर्षांचा मुलगा होता. तिच्या ज्ञानाचा कुणाला हेवा वाटला नाही. जी बरं करू शकते ती बिघडवूही शकते, एवढं लोकांना पुरलं.

यातनागृह

इंग्लंडच्या सामान्य कायद्यात कबुलीसाठी यातना देण्याची मुभा नव्हती, त्यामुळे तापलेल्या सळया काढून टाका. पण त्याने प्रसंग सौम्य होत नाही. मॅथ्यू हॉपकिन्स आणि जॉन स्टर्न या चेटकिणी शोधत फिरणाऱ्या दोघांनी 1645 पासून एसेक्स-सफकमध्ये जे केलं त्याला “पाळत” म्हणत: बाईला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवायचं, रात्रीमागून रात्री झोपू द्यायचं नाही, डोळा लागलाच तर उठवून चालवायचं. मॅनिंगट्रीची एलिझाबेथ क्लार्क म्हातारी आणि एका पायाची होती. अशा जाग्या रात्रींनंतर तिने आपल्याकडे येणाऱ्या, प्राण्यांच्या रूपातल्या सैतानी जिवांची नावं सांगितली: होल्ट, जारमारा, व्हिनेगर टॉम, न्यूज. तिच्याजवळ बसलेल्यांनी ते जीव खोलीत येताना पाहिल्याची शपथ घेतली. लक्षात घ्या, जागे तेही होते.

मराठीतून येणारे घोटाळे

“हडळ” वापरू नका, हडळ मेलेली असते. “मूठ मारली” किंवा “भानामती” लिहिलंत की वाचक लँकेशर सोडून आपल्या गावात पोचतो. “चेटूक” आणि “चेटकीण” चालतात. “डाकीण” हा शब्द मी मुद्दाम टाळते. सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या येतात, आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असतानाही येतात. तो शब्द त्या बायकांच्या वाट्याला आलेला आहे, दूरच्या कथेला रंग चढवण्यासाठी तो उसना घ्यायला माझं मन धजत नाही.

चोरी कोणी केली, नजर कोणी लावली हे सांगणारी माणसं इंग्लंडमध्ये गावोगाव होती. काम आपल्या देवऋषीसारखं, पण शब्द तो नको. “जाणती बाई”, “जाणता” छान बसतं. गरीब म्हाताऱ्यांना तिथे “मदर” म्हणत. ते तसंच ठेवलंत तर मराठी वाचकाला कॉन्व्हेंटमधली नन दिसेल. “वॉटरहाउस म्हातारी” म्हणा.

बारीकसारीक: 1612 मध्ये गरिबाच्या घरी चहा नाही, बटाटा नाही. राय या धान्याचा किंवा बार्लीचा पाव, पातळ खिचट आणि एल, म्हणजे एक प्रकारची बिअर. वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे जुन्या कागदातली फेब्रुवारीची तारीख आपल्या हिशेबाने पुढच्या सालातली असू शकते.

एवढं करूनही खर्डा निर्जीव वाटत असेल तर मी करते ते करून बघा. टाचण्यांचा प्रसंग दोनदा लिहा. एकदा जॉन लॉच्या तोंडून: त्याचं अर्धं तोंड चालत नाही, कारकून वाक्य पुरं करून घेतोय. एकदा ॲलिझनच्या तोंडून. दुसऱ्या खेपेला तिच्या मुठीत नाणं होतं की नव्हतं, ते ठरवून मगच पहिलं वाक्य लिहा.