पितळी पत्र्याच्या एचिंगसाठी निगेटिव्ह: बारीक रेघ फिल्मवर कशी उतरवावी

०.२ मिमी जाडीच्या पितळी पत्र्यातून रेल्वे मॉडेलचे कठडे, शिड्या, जाळ्या काढायला ड्राय फिल्म रेझिस्ट वापरतात: पत्र्यावर चिकटवायचा पातळ थर, जो टिकतो तिथले पितळ एचिंगमध्ये, म्हणजे रसायनाने धातू विरघळवताना, वाचते. अतिनील प्रकाश पडतो तिथे तो घट्ट होऊन टिकतो. म्हणून फिल्म निगेटिव्ह लागते: पितळ राहायला हवे तिथे पारदर्शक, विरघळायला हवे तिथे काळी.

नवखे डीपीआयच्या (इंचात किती ठिपके) मागे लागतात, पण काम बहुधा फसते ते काळेपणात. डोळ्याला काळीकुट्ट दिसणारी शाईसुद्धा अतिनील प्रकाश थोडा सोडते. मग तिथला रेझिस्ट धुऊन निघत नाही आणि पितळ विरघळवणारे फेरिक क्लोराइड पितळापर्यंत पोचत नाही. लेझरच्या टोनरमध्ये सूक्ष्म भोके राहतात, शिवाय तापलेल्या रोलरमधून जाताना फिल्म किंचित आकसते. कोटिंग असलेली इंकजेट फिल्म जास्त भरवशाची. मात्र शाईचे प्रमाण वाढवत गेलात की ती कडेने पसरते आणि पारदर्शक रेघ, म्हणजे तुमचा कठडा, बारीक होत जातो. शाई एकेक पायरीनेच वाढवा.

चित्र व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेघांच्या मापांनी साठवलेले) ठेवा, रंग शुद्ध काळा. जेपीजीच्या करड्या कडा छापताना ठिपक्यांत फुटतात. ६०० डीपीआयला एक ठिपका ०.०४२ मिमी, ०.१ मिमीची रेघ कुठे दोन ठिपक्यांची पडते, कुठे तीन. त्यापेक्षा सरळ ०.१२७ मिमी घ्या, म्हणजे नेमके तीन. ‘फिट टू पेज’ (चित्र पानाच्या मापाला बसवणारा पर्याय) बंद हवे. छपाई आरशातल्यासारखी उलटी करा, कारण शाईची बाजू रेझिस्टला टेकली पाहिजे. ती वर राहिली तर ०.१ मिमी जाड फिल्ममधून प्रकाश तिरपा शिरतो. मग महागडा प्रिंटरही कामाचा नाही. वर काच ठेवून घट्ट दाबा.

आधी चाचणीपट्टी काढा: ०.१, ०.१५, ०.२ आणि ०.३ मिमीच्या रेघा, काळ्यावर पारदर्शक आणि पारदर्शकावर काळ्या. पुठ्ठा सरकवत टप्प्याटप्प्याने प्रकाश द्या. डेव्हलपरला, म्हणजे प्रकाश न लागलेला रेझिस्ट धुणाऱ्या द्रावणाला, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट पुरते. काळ्या रेघा बुजल्या तर प्रकाश जास्त किंवा काळेपणा कमी; पारदर्शक रेघांचा रेझिस्टच सुटून आला तर प्रकाश कमी.

एचिंग आडवेही खाते. दोन्ही बाजूंनी करताना प्रत्येक कडेला साधारण ०.०५ मिमी सूट धरा: ०.२ मिमीचा कठडा हवा तर ०.३ काढा. पत्र्याच्या दोन बाजूंसाठीच्या दोन फिल्म उजेडावर धरून जुळवा, दोन कडांना चिकटपट्टी लावून पाकीट करा आणि पत्रा त्यात सरकवा.