पाळीत कंबर धरते? शेक आणि गोळी, दोन्ही वेळेवर

ठाण्याहून वाशीला रोज उभ्याने जाणाऱ्या बाईला पाळीच्या पहिल्या दिवशी ‘आराम कर’ सांगून काय उपयोग? मस्टर तर गाठायचंच असतं. त्यापेक्षा शेक सोबत घ्या. मेडिकलमध्ये चिकटवायचे हीट पॅच मिळतात. ते बनियन किंवा निकरवरून, ओटीपोटाच्या बाजूला लावायचे, थेट कातडीवर नाही. (पाकिटावरची सूचना वाचा, काही पॅच कातडीवरचेच असतात.) वरून कुर्ता घातला की कुणाला कळतही नाही. घरी रबरी पिशवी असेल तर पाणी उकळतं नको आणि पिशवीला पंचा गुंडाळा. ती कमरेला लावून कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडा.

कळा येतात त्या शरीरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे. त्याने गर्भाशय आवळतं आणि दुखणं कमरेत, मांड्यांत उतरतं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिनच कमी करते, म्हणून दुखणं शिगेला पोचायची वाट बघू नका. सुरुवातीलाच घ्या, तीही दोन घास खाऊन. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. ‘सहन करायची सवय लाव’ हा सल्ला मात्र खुशाल कानाआड करा.

दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल किंवा तासाला पॅड भिजत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असू शकतं. ठाण्यात कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या.