‘क्रमशः’ येणारा मोठा गेम कधी विकत घ्यावा?

मोठ्या बजेटचा एखादा व्हिडिओ गेम भागाभागाने येणार असे जाहीर झाले की आत्ताच घ्यावा की पूर्ण होईपर्यंत थांबावे, असा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण त्याचे उत्तर किंमत पाहून ठरवतात. किमतीचा हिशेब अवश्य करावा, पण तो नंतर. पुढचे भाग कधीच आले नाहीत असे धरून चालले, तर आज हाती पडणाऱ्या भागावर आपण समाधानी राहू का, हे आधी स्वतःला विचारावे. याचे उत्तर गेमचे तुकडे नेमके कुठे पाडले आहेत यावर अवलंबून असते.

तुकडे ठिकाणांवर पाडलेले असतील, तर पहिल्या दिवशी घ्यायला हरकत नाही. आयओ इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने घडवलेला ‘हिटमॅन’ हा भाडोत्री मारेकऱ्याचा गेम प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने ११ मार्च २०१६ रोजी पॅरिसच्या भागापासून आणायला सुरुवात केली आणि सापिएन्झा, माराकेश, बँकॉक, कोलोरॅडो अशा क्रमाने ३१ ऑक्टोबरला होक्काइदोचा शेवटचा भाग दिला. प्रत्येक भागात एकच विस्तीर्ण ठिकाण होते आणि तेच ठिकाण वेश बदलून, वाट बदलून पुन्हा पुन्हा खेळावे अशी त्याची रचना होती. त्यामुळे दोन भागांमधला काळ रिकामा गेला नाही, उलट तोच खेळाच्या उपयोगी पडला. सहाही ठिकाणे एका दमात उरकणाऱ्याला पॅरिसच्या भागातल्या राजवाड्यातले आडजिने आणि नोकरांच्या वाटा क्वचितच कळतात. भागांच्या पद्धतीचा इतका सयुक्तिक उपयोग मोठ्या गेममध्ये मी दुसरा पाहिलेला नाही. तरीही स्क्वेअर एनिक्सने मे २०१७ मध्ये या स्टुडिओतून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले, पुढच्याच महिन्यात स्टुडिओ स्वतंत्र झाला आणि नोव्हेंबर २०१८ मधला ‘हिटमॅन २’ भागांत न येता एकदम पूर्ण आला.

किमतीचा हिशेबही याच उदाहरणावर मांडता येतो. अमेरिकेत पहिला भाग १५ डॉलरला आणि उरलेले सर्व भाग एकत्रितपणे ५० डॉलरला मिळत होते, म्हणजे एकूण ६५, तर सुरुवातीलाच सगळा गेम घेणाऱ्याला ६० डॉलर पडत. हे जादा ५ डॉलर म्हणजे पहिला भाग न आवडल्यास तिथेच थांबण्याच्या सोयीची किंमत, आणि अनोळखी मालिकेसाठी ती मोजावी असे मला वाटते. सर्व भाग असलेली डिस्क ३१ जानेवारी २०१७ रोजी आली, म्हणजे होक्काइदोनंतर केवळ तीन महिन्यांनी.

तुकडे कथेवर पाडलेले असतील, तर मात्र सबुरीने घ्यावे. अशा गेमचा प्रत्येक भाग ऐन पेचप्रसंगावर तोडलेला असतो, त्यामुळे पुढचा भाग आला नाही तर हातातला भागही अर्धवट ठरतो. ‘हाफ-लाइफ २’चा दुसरा एपिसोड ऑक्टोबर २००७ मध्ये आला, तिसरा आलाच नाही. ‘द वॉकिंग डेड’चा अखेरचा सीझन चालू असतानाच, सप्टेंबर २०१८ मध्ये, टेलटेल या स्टुडिओने आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. तो सीझन पुढे स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने मार्च २०१९ मध्ये पूर्ण केला, हे खेळाडूंचे नशीब. म्हणून दोन भागांमध्ये किती अंतर जाहीर झाले आहे ते पाहावे. ‘रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स २’चे चार भाग २०१५ मध्ये दर आठवड्याला एक असे आले, इतक्या कमी अंतराने भाग येत असतील तर काम जवळजवळ संपलेले असते, हे उघड आहे. दोन-तीन महिन्यांचे अंतर असेल, तर पुढचा भाग अजून घडतो आहे असे समजावे. मासिकातल्या क्रमशः कादंबरीसारखी प्रत्येक भागानंतर मित्रांशी चर्चा करण्यात ज्यांना गोडी वाटते, त्यांनी हा धोका पत्करायला हरकत नाही, कारण ती चर्चा नंतर पूर्ण गेम घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

तिसरा प्रकार नावाने भाग आणि आकाराने स्वतंत्र गेम असा आहे. मूळ ‘फायनल फँटसी ७’ हा १९९७ मधला गेम तीन डिस्कवर पुरा झाला होता. त्याच्या नव्या आवृत्तीचा एप्रिल २०२० मध्ये आलेला पहिला भाग केवळ मिडगार शहरापुरता आहे, पण तो पूर्ण किमतीचा आणि भरपूर लांबीचा आहे. इथे पैशांपेक्षा यंत्राकडे लक्ष द्यावे. पहिला भाग प्लेस्टेशन ४ वर आला, तर फेब्रुवारी २०२४ मधला दुसरा सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन ५ वर, त्यामुळे जुने यंत्र असलेल्यांची गोष्ट मध्येच थांबली. पहिल्या भागातली कमाई पुढे नेता येते का, हेही तपासावे. इथे पात्रांची पातळी पुढे जात नाही, पहिल्या भागाचा साठवलेला खेळ (सेव्ह) असल्यास केवळ छोटी भेट मिळते. म्हणून दुसरा भाग हातात येईपर्यंत पहिला खेळायचे लांबवले तरी फारसे बिघडत नाही.

राहिला सीझन पास, म्हणजे पुढचे सगळे भाग आगाऊ एकत्र विकत घेण्याची सोय. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात परतावा साधारणपणे खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तरच मिळतो, आणि महिन्यांनी येणारा तिसरा भाग निकृष्ट निघाला तर ती मुदत केव्हाच उलटलेली असते. सवलत मोठी नसेल, तर पास दुसरा भाग पाहिल्यानंतरच घ्यावा.